लाल पुडा, निळा पुडा

ज्या वर्षी माझ्या मुलीला जुळं झालं, त्याच वर्षी आमच्या बिस्किट कंपनीच्या लाल पुड्यावर माझ्या धाकट्या भावाचा फोटो आला. मी मुलीकडेच राहायचे. दोन खोल्या, आणि एक लेकरू निजलं की दुसरं उठायचं. जावई म्हणायचे, "कारखान्यात तीन पाळ्या असतात. आमच्या घरात एकच आहे, ती सुटतच नाही."

भावाला सगळे बारक्या म्हणायचे. जन्माला आला तेव्हा मूठभर होता, पुढे दाराची चौकट डोक्याला लागेल एवढा वाढला, पण नाव चिकटलं ते चिकटलं. तो भट्टीवर होता. धगीने त्याच्या भुवया कधीच्याच विरळ झाल्या होत्या. मी त्याच सरकत्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, पॅकिंगमध्ये. त्याने भाजलेलं बिस्किट गार होत होत माझ्यापर्यंत यायचं. अक्षरं मला चाळिशी उलटल्यावर आली, कारखान्याच्याच वर्गात, आणि पहिलं वाचलं ते त्या पुड्यावरचं.

बारक्या राहायचा शिंपीमास्तरांकडे. रस्त्याच्या बाजूला मास्तरांचं दुकान, मागे दोन खोल्या. राहायला गेला तेव्हा त्याच्या डोक्यावर दाट केस होते. केस गेले, पण तो तिथून हलला नाही. वरच्या मजल्यावर घरमालकीण राहायची. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "मावसभाऊ आहेत." कोण कुणाच्या मावशीचा, हे पुढे कुणी विचारत नसे. आमच्या आईला कळलं होतं, मलाही. आई एवढंच म्हणायची, "बारक्याच्या जेवणाची काळजी नाही, मास्तर आहेत." त्याहून जास्त ती कधी बोलली नाही, आणि त्याहून जास्त बोलायची गरजही नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण मास्तरांचं हृदय दुखणाईत होतं. कापड बेतताना मध्येच टेबलाला हात टेकून उभे राहायचे. जिना चढायचा म्हटलं तर ओठ निळसर पडायचे. बाहेरच्या इस्पितळात जायची ऐपत नव्हती. कंपनीचा दवाखाना चांगला होता, हृदयाचे डॉक्टर आठवड्याला यायचे. पण तो कामगाराच्या कुटुंबासाठी. बायको, मुलं, आईबाप. बारक्याचं कुटुंब कोण, तर कागदावर कुणीच नाही.

अशात जाहिरात खात्याच्या बाई कँटीनमध्ये आल्या. वयाने लहान, बोलणं मनापासून. म्हणाल्या, "ज्याचं मन ज्याच्यावर बसलं, ते त्याचं घर. पुरुषाचं पुरुषावर, बाईचं बाईवर. आपली कंपनी हे आता उघडपणे म्हणणार आहे. आणि नुसतं म्हणणार नाही. आपल्या कामगारांत अशी जोडपी असतील तर त्यांना कुटुंब धरणार. दवाखान्यासकट."

माझ्या शेजारी पॅकिंगमधली ठसकी बसली होती. तिला हे नाव उगाच पडलं नव्हतं. ती म्हणाली, "बाई, माझा नवरा घरात असून नसल्यासारखा आहे. त्याला कशात धरता येईल का बघा."

सगळं कँटीन हसलं. बाईही हसल्या. त्या हसण्यातच बारक्याने हात वर केला. भट्टीच्या पत्र्याने पोळलेला त्याचा तळवा मला इतक्या लांबून दिसला.

त्या संध्याकाळी मी दुकानात गेले. मास्तर यंत्रावर होते, पाय जोरात चालत होता. रागावले की ते शिवायला घ्यायचे.

"ताई, तुमच्या भावाला समजवा," ते म्हणाले. "पुड्यावर फोटो म्हणे. मी काय बिस्किट आहे?"

"मास्तर, तू गप बस," बारक्या म्हणाला. माझ्यासमोर तो त्यांना 'तुम्ही' म्हणायचा, त्या दिवशी विसरला.

"इतकी वर्षं गप्पच बसलोय. म्हणून तर बसायला जागा आहे."

"तुला तपासून घ्यायचंय. बस्स. त्यांना फोटो हवा, मला डॉक्टर हवा. तू नुसतं उभं राहायचंस."

"मग माझी पाठ घ्या म्हणावं. कोटाची शिवण तरी चांगली दिसेल."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? फोटो नको म्हणावं तर डॉक्टर जातो. हो म्हणावं तर मूठ उघडते. मी म्हणाले, "तुम्ही दोघं ठरवाल ते."

शेवटी मास्तरांनी दोघांना नवे सदरे शिवले. फोटो दुकानातच काढला. मास्तरांच्या गळ्यात टेप, बारक्या त्यांच्यासमोर बिस्किट धरलेला, मागे इंद्रधनुष्याचे रंग नंतर भरलेले. खाली ठळक अक्षरांत, 'आमच्या घरात सगळे'. पहिला पुडा पट्ट्यावरून आला तेव्हा ठसकी म्हणाली, "अगं, तुझा भाऊ गोरा झालाय! आम्हालाही सांग ना, कुठल्या भट्टीत बसला?" पण पुडा तिने नीट पुसून माझ्या हातात दिला.

सुरुवातीला सगळं बरं चाललं. मास्तरांचं नाव कंपनीच्या दवाखान्यात लागलं. डॉक्टरांनी औषध बदललं, नळी घालून तपासायला लागेल म्हणाले, तारीख घेऊ म्हणाले. ओठांचा रंग सुधारला. तरुण मुलं लाल पुडा मुद्दाम मागून घेतात, असं सुपरवायझर सांगायचा. साहेब खुश होते. मास्तर तर एकदा कापता कापता म्हणाले, "ताई, मी उगाच घाबरलो होतो." मला अजून वाटतं, त्यांनी ते बोलायला नको होतं.

मग कुठल्याशा मोठ्या शहरात कुणीतरी लाल पुडा बुटाखाली चिरडला, आणि त्याचा व्हिडिओ फोनाफोनावर फिरला. लोकांना खेळच मिळाला. जो तो चिरडायला लागला. चिरडण्यासाठी आधी विकत घ्यावा लागतो, म्हणून त्या आठवड्यांत खप वाढला, असं ठसकी म्हणायची. ते खरं होतं की तिची जीभ, मला माहीत नाही. पुढे दुकानदारांनी माल ठेवणं बंद केलं. आमच्या रस्त्यावरच्या वाण्यानेही. मास्तरांच्या दुकानात एकेक गिऱ्हाईक येऊन न शिवलेलं कापड परत नेऊ लागलं. भांडण कुणी केलं नाही. "घाई नव्हतीच हो," म्हणायचे आणि कापड काखेत मारून निघायचे.

घरमालकीण खाली आली तेव्हा मी तिथेच होते. ती खुर्चीवर टेकली नाही.

"महिनाअखेर जागा सोडा," ती म्हणाली.

बारक्या म्हणाला, "मावशी, तुम्हाला आजच कळलं का?"

"मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. मी काय आंधळी आहे?"

"मग?"

"मग काय? लोक विचारायचे, मी मावसभाऊ म्हणायचे. आता विचारतात आणि पुडा दाखवतात. पुडा दाखवल्यावर मी काय म्हणू? माझ्या दारात रोज कुणी ना कुणी येऊन उभं राहतं. मला एकटीला राहायचंय इथे." तिचे डोळे भरून आले होते. ती मास्तरांना म्हणाली, "माझ्या मुलाचे सगळे कपडे तुम्हीच शिवलेत. मला शिव्या देऊ नका."

मास्तर म्हणाले, "नाही देत." आणि तिला बसायला खुर्ची पुढे केली. ती तरीही बसली नाही.

त्याच आठवड्यात माल परत यायला लागला. परत आलेल्या मालाचं आमच्याकडे एकच काम असायचं. पुडा फाडायचा, बिस्किटं एका पिंपात, कागद दुसऱ्या पोत्यात. बिस्किटांचा चुरा गुरांच्या खाद्यात जायचा. पॅकिंगच्या बायकांना तिकडे लावलं. मलाही. पुडा फाडायची एक सवय असते, मधोमध धरून दोन्ही अंगठे बाहेर ओढायचे. मधोमध फोटो होता. एका अंगठ्याखाली बारक्या, दुसऱ्याखाली मास्तर. मी कडेने फाडून पाहिलं, तर बिस्किटं अडकायची आणि ढीग साचायचा. ठसकीने माझ्या पुढ्यातले अर्धे पुडे स्वतःकडे ओढले. तिच्या जिभेला त्या दिवशी सुट्टी होती.

आणि पलीकडे दुसरा पट्टा चालू होता. आमच्याच कंपनीचा निळा पुडा, जुना, मागे पडलेला. त्यावर नवं चित्र आलं. आई, बाप, एक मुलगा, एक मुलगी, टेबलाभोवती. खाली लिहिलेलं, 'घर असावं तर असं'. ज्यांनी लाल पुडा चिरडला ते आता निळा घेतात म्हणे. मैदा तोच, साखर तीच, पीठ मळायचं यंत्र तेच, आणि भट्टीवर माझा भाऊच. त्याने भाजलेलं बिस्किट 'घर असावं तर असं' म्हणत बाजारात जायचं. निळा पुडा कुणाचा आहे हे मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. कुणी लपवलं नव्हतं, कुणी वाचत नव्हतं एवढंच.

मी बारक्याला म्हणाले, "काम सोड."

"सोडून खाऊ काय? आणि दवाखाना?"

दवाखान्याचं विचारायला मी स्वतः गेले. जाहिरातीच्या बाई टेबल आवरत होत्या, त्यांची बदली झाली होती. मला पाहून रडायलाच लागल्या. "ताई, मी खरंच मनापासून केलं होतं." माझा त्यांच्यावर विश्वास आहे. तेव्हाही होता. पण रडणाऱ्या माणसाला आणखी काय मागणार? त्यांनी मला साहेबांच्या खोलीपर्यंत पोचवलं.

साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. वाईट माणूस नव्हता.

"कंपनीने भूमिका घेतली होती, आजी," ते म्हणाले. "घेतली की नाही? दुसऱ्या कुणी घेतली?"

"घेतली, साहेब."

"पण गिऱ्हाईकच नको म्हणतं, तर आम्ही काय करायचं? हा कारखाना बंद पडला तर तुमची सगळ्यांची चूल बंद."

"पुड्याचं जाऊ द्या. मास्तरांचं दवाखान्यातलं नाव राहू द्या. तेवढंच. ते कुणाला दिसत नाही."

साहेबांनी कप बशीवर ठेवला. "तीच तर अडचण आहे," ते म्हणाले. "ती सवलत जाहिरातीच्या खर्चातून होती. ते खातंच बंद केलंय वरून. माझ्या हातात काही नाही."

मी त्या खोलीत अडाण्यासारखी बसून राहिले. कंपनीला आईबाप नसतात, लाज नसते आणि दुष्टावाही नसतो. जिकडे विक्री तिकडे तोंड. भांडायचं तर समोर माणूस लागतो, आणि समोर बसलेल्या माणसाच्या हातात काही नव्हतं. घरमालकिणीच्याही नव्हतं, बाईंच्याही नव्हतं. मी चहा पिऊन उठले. नको म्हणायचंही सुचलं नाही.

दोघांनी जागा शोधली. खूप शोधली. दारात उभं राहिलं की माणूस आधी बारक्याकडे बघायचा, मग मास्तरांकडे, आणि चेहऱ्यावर ओळख उमटायची. एका ठिकाणी तर घरमालकाच्या नातवाने विचारलं, "बिस्किटवाले काका ना?" लेकरू खुश झालं होतं बिचारं.

मी जावयांना विचारलं. ते जुळ्यातल्या एकाला खांद्यावर थोपटत होते. चांगला मुलगा, पण तोही दुसऱ्याच्या नोकरीवर. खाली मान घालून म्हणाले, "मामा एकटे आले तर येऊ द्या, आई. दोघं नकोत. आपणही भाडेकरूच आहोत, लोक बोलतील." माझी मुलगी दाराआड उभी होती. ते घर माझं नव्हतं.

मास्तरांची बहीण लांबच्या गावी होती. ती न्यायला आली. घर मोठं, मुलं परदेशी. तिची अट एकच, तो भट्टीवाला दारात यायचा नाही. मास्तरांनी दुकानाचं यंत्र विकायला काढलं तेव्हा बारक्या म्हणाला, "ठेव ना, परत आल्यावर लागेल."

"कुठे परत?" मास्तर म्हणाले. "वेडा आहेस."

निघताना त्यांनी बारक्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावून दिलं, सगळ्या रस्त्यादेखत. पूर्वी असं त्यांनी कधीही केलं नसतं. आता लपवायला उरलं होतं काय? मला म्हणाले, "ताई, सकाळची गोळी मी विसरतो, हा आठवण करून द्यायचा. आता फोन करायला सांगा." बहिणीने टॅक्सीचं दार लावून घेतलं.

बारक्या माझ्या मुलीकडे आला, स्वयंपाकघरात निजू लागला. रोज सकाळी पाळीवर जाण्याआधी फोन करायचा. कधी मास्तर उचलायचे, कधी बहीण उचलून ठेवून द्यायची. पुढे पुढे ती उचलेनाशी झाली. तिथल्या डॉक्टरांनी तपासायची तारीख दिली होती की नाही, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. तो दोनदा त्या गावी जाऊन आला, दोन्ही वेळा कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे बसून. मी विचारलं, "दिसले का?" म्हणाला, "खिडकीत सदरा वाळत होता. फोटोतला." आणि जेवायला बसला.

लाल पुडा पुन्हा बाजारात आला, साधा, चित्राशिवाय. खपही ठीक आहे म्हणतात.

शिंपीमास्तर त्याच वर्षी, थंडी सरता सरता, एका मंगळवारी सकाळी बहिणीच्या घरी हृदय बंद पडून वारले. आम्हाला कुणी कळवलं नाही. त्यांच्या ओळखीच्या कापडवाल्याने शुक्रवारी दुपारी कारखान्याच्या फाटकावर येऊन बारक्याला सांगितलं, तोवर सगळं उरकलं होतं.