बारा वाजायच्या आत

ओहायोच्या विधानसभेचं अधिवेशन दुपारी बाराला संपणार होतं. टॅबिथा गॅलरीत लेकीला छातीशी घट्ट धरून घड्याळाकडे बघत होती. वारलेल्या नवऱ्याने मृत्युपत्रात मुलीचा ताबा स्वतःच्या भावाला दिला होता. आज नवा कायदा झाला, तरच मुलगी आईजवळ राहणार होती. विरोधी पक्षाच्या डॉबिन्सने भाषण लांबवत तासभर वेळ खाल्ला. कायदा मांडणारे आमदार, वकील व्हिटलॉक उठले, तेव्हा दहाच मिनिटं उरली होती. अधिवेशनाला वेळ कमी पडला की करायच्या रिवाजाप्रमाणे दरवान काठीने घड्याळाचा काटा मागे ढकलायला निघाला.

"राहू दे रे बाबा," व्हिटलॉक गॅलरीतल्या टॅबिथाकडे बोट दाखवत म्हणाले. "चोरलेल्या वेळातला कायदा हिचा दीर उद्या कोर्टात मोडून काढेल."

डॉबिन्स पिंकदाणीत थुंकून हसला. "मग भाषण उरकणार कसं, वकीलसाहेब? तुम्हाला नुसत्या नमस्कारालाच अर्धा तास लागतो!"

सभागृहात हशा पिकला. व्हिटलॉकही हसले आणि महिनाभर खपून लिहिलेलं भाषण त्यांनी खिशात कोंबलं.

"मतं घ्या," एवढंच बोलून ते खाली बसले.

एकेक नाव पुकारलं जाऊ लागलं. टॅबिथा बोटांवर होकार मोजत होती, बोटं पुरेनात. बाराला एक मिनिट असताना कायदा मंजूर झाला. तिने लेकीच्या टोपीची नाडी बांधली आणि तिला घेऊन ती घरी निघाली.