सात थरांची बराक

"किसन, कुदळ खाली ठेव! भितीच्या बुडाले हात लावशीन तर तंगडी मोडीन तुयी!"

माझा आवाज ऐकून बराकीच्या भिंतीवरची कबुतरं उडाली. माझा मुलगा काही उडाला नाही. कुदळ खांद्यावर तशीच ठेवून म्हणाला, "माय, सारा वलगाव बैलबंड्या भरभरून माती नेऊन रायला. आपणच काऊन मागं रावं?"

खोटं बोलत नव्हता. सातासमुद्रापलीकडं कुठंतरी लढाई लागली म्हणे, आणि इकडं आमच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. ज्यानं त्यानं पऱ्हाटीच पेरली. पऱ्हाटीला जुन्या भिंतीची पांढरी माती मानवते, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. पलटणीची ही बराक ओसच पडलेली. छपराचं लाकूड आणि कौलं केव्हाच उतरवून नेली होती. भिंती कुणीही न्याव्या, असा हुकूम झाला.

पण त्या भिंती माझ्या मालकांनी घातल्या होत्या. ते जाऊन चार वर्षं झाली. भिंती मात्र छपराविना दोन पावसाळे खाऊन उभ्या.

नत्थुजी, मालकांचे कामावरचे जोडीदार, पुढं झाले. "वयनी, बुडाशी पोखरलं का अख्खी भिंत आपोआप बसते. एका दिसाचं काम."

"तुमाले पोखरणंच माईत, भाऊजी. घालाच्या वक्ती तर चिलीमच भरत होते."

नत्थुजी हसले. नाही कसं म्हणतील?

बंडाच्या धामधुमीत पलटण आली, तेव्हा साहेबाला बराक महिन्यात हवी होती. साठ हात लांब, बुडाशी भिंत अडीच हात रुंद. खिडक्या माणसाच्या डोक्यावर, बाहेरून गोळी आली तर निजलेल्याला लागू नये म्हणून. मालकांनी माती आणली ती ओस पडलेल्या जुन्या गावठाणाची. मी तुडवायची, ते थर घालायचे. हातभर थर झाला की आठ दिवस वाळू द्यायचा. साहेब ओरडे, शेजारी जाळ करून वाळवा म्हणे. मालक भिंतीवर बसून सुपारी कातरत. "मातीले घाई समजत नाई, सायेब," एवढंच. दारही त्यांनी बुटकं ठेवलं. साहेबाची टोपी दोनदा पडली. मी म्हटलं, "काऊन हो असं?" तर म्हणाले, "घर आये. आत जातानी मान लवली पायजे."

एकदा कारकून कारागिरांची नावं लिहायला आला. मालक वर चढलेले, म्हणून त्यानं मला विचारलं. नवऱ्याचं नाव मी घेईन होय? 'किसनाचा बाप' म्हणून सांगितलं. त्या शहाण्यानं तेच लिहिलं. किसनाचे बाप वऱ्हाडात किती निघतील! तेव्हा मी हसले होते. ते गेल्यावर मग नाही हसू आलं. कागदावर ते नव्हतेच. होते ते या भिंतीत.

"मंग नेऊच नको का?" किसननं विचारलं. ओरडला नाही, हेच मला लागलं.

मी त्या मातीकडं पाहिलं. ती तरी आमची कुठं होती? कुणाचं तरी मोडलेलं घरच उचलून आणलं होतं आम्ही.

"ने," मी म्हटलं. "पण वरून. थरानं चढली, थरानंच उतरव. पायात घाव घालून पाडाची नाई."

"सात दिवस लागतीन, माय. लोक हासतीन."

"हासू दे. दातच दिसतीन त्यायचे."

रोज एक थर उतरला. मी समोर बसून त्या त्या थराची गोष्ट सांगत गेले. सातवा वाळत होता, तेव्हा पलटण निघायचा बिगुल वाजला. ज्या शिपायांसाठी एवढी घाई, ते छपराखाली एक दिवसही निजले नाहीत. मागून तिथं आजारी माणसं राहिली, मग घोड्यांचं गवत. पाचव्याच्या वेळी माझी लेक जमुना पोटात होती, तरी मी माती तुडवली. चौथ्याबद्दल किसननं विचारलं, तर म्हटलं, "काम कर मुकाट्यानं." नवराबायकोचं सारंच का लेकाला सांगायचं?

सातव्या दिवशी बुडाचा एकच थर उरला. गुडघ्याएवढा. सांजेपर्यंत तोही जाणार होता. लोक टोपल्या घेऊन कुठूनही ओलांडू लागले.

दुपारी सून वच्छला भाकरी घेऊन आली. तीही ओलांडायला पाय उचलत होती. मी तिच्या हातून शिदोरी घेतली आणि भिंतीच्या कडेकडेनं उगवतीच्या दाराशी गेले. चौकट नव्हती, मधली मोकळी जागा तेवढी. तिथून आत शिरले.

"वयनी, भिंत कुठं रायली आता?" नत्थुजी म्हणाले.

आत सावली नव्हती, तशी मी पुन्हा त्याच दारानं बाहेर आले. त्यांनाही नवल वाटलं असेल.

सावलीला बाहेर बाभळीखाली मी भाकरी सोडली आणि किसनला हाक मारली. तो आत अगदी भिंतीजवळ होता. थरावरून पाय टाकला असता तर माझ्याजवळ पोचला असता. त्यानं कुदळ ठेवली, हात झटकले आणि वळून साऱ्या बराकीच्या लांबीभर चालत दाराकडं गेला.

वर आभाळच होतं. तरी बाहेर पडताना त्यानं मान जराशी लववली.