माशीवरचा गंज

बंडेप्पाच्या पाच गोळ्या तळहाताखाली झाकतील इतक्या जवळजवळ लागल्या होत्या. हात स्थिर होता, श्वास ताब्यात होता. फक्त जागा चुकली होती. पाचही गोळ्या काळ्या गोलाच्या चार बोटं वर, कोऱ्या कागदात गेल्या होत्या.

दुबलगुंडीचा बंडेप्पा फौजेतून हवालदार होऊन परतला आणि अकरा वर्षांपासून हुमनाबादच्या एका बँकेच्या दारात स्वतःची परवान्याची रायफल घेऊन उभा राहत होता. गार्ड पुरवणारी एजन्सी वर्षातून एकदा बिदरबाहेरच्या मैदानावर सगळ्या गार्डांची परीक्षा घ्यायची. गुरुवारी सरावाला दहा गोळ्या, शुक्रवारी परीक्षेला पाच. पाचांतल्या चार काळ्या गोलात बसल्या तर नोकरी, नाहीतर घर. चार महिन्यांपूर्वी हे त्याला कुणी सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, बरं, घरी बसतो. पण चार महिन्यांपूर्वी त्याची बायको गुरुबाई गेली. आता घरी बसायचं म्हणजे दिवसभर तिच्या रिकाम्या खाटेसमोर बसायचं.

शेजारी कमलापूरच्या बँकेवरचा लिंगराज पालथा पडला होता. त्याच्या गोळ्या कागदभर विखुरल्या होत्या, त्यामुळे दुसऱ्याच्या कागदाकडं बघायला त्याला भरपूर सवड होती.

"अण्णा, वर कामून मारायलास? वर कोण हाय तुझं?" तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याला गुरुबाई आठवली.

बंडेप्पानं मनावर घेतलं नाही. तो नळीच्या टोकाकडं बघत होता. रायफलीचा नेम धरायचा तो मागच्या पट्टीतल्या खाचेतून पुढची माशी बघून. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचं उभं पातं. हे त्यानं फौजेत किती रंगरुटांना शिकवलं असेल, त्याची मोजदाद नव्हती. त्याच्या रायफलीची माशी टोकाला लाल असायची. आज ती काळी कुळकुळीत होती.

लिंगराजच्याही ते ध्यानात आलं. नवी बसवलीस का, म्हणून त्यानं विचारलं. बंडेप्पानं सुनेला फोन लावला.

नेत्रावतीचा आवाज खुशीत होता. मामांची परीक्षा आहे, आत्या असत्या तर त्यांनी सगळं नीट करून दिलं असतं, म्हणून काल तिनंच रायफल रॉकेलच्या फडक्यानं पुसली होती. टोकाला गंजाचा थर बसला होता, तो ब्लेडनं खरवडून काढायला अर्धा तास लागला. "निघतच नव्हता मामा. लई जुना होता."

तो गंज नव्हता. दर खंडेनवमीला गुरुबाई कोयता, विळा, शिलाई मशीन आणि रायफल पुजायची. कुंकू एरंडेलात कालवून बोटानं माशीच्या टोकाला लावायची. पहिल्या वर्षी बंडेप्पा तिच्यावर खेकसला होता, की माशीला हात लावायचा नसतो. ती म्हणाली होती, "मग कपाळाला लावू नको तर कुठं लावू? मागच्या दस्त्याला?" यावर फौजेच्या पुस्तकात उत्तर नव्हतं. कुंकू लागत गेलं, वाळत गेलं, दरसाल थरावर थर चढला.

आणि दरसाल सरावाच्या दिवशी गोळी किंचित खाली जायची. बंडेप्पा मागची पट्टी केसभर वर सरकवायचा, तिथं कानशीनं एक रेघ ओढायचा आणि नळी झिजत चालली असं लिंगराजला सांगायचा. अकरा वर्षांत अकरा रेघा झाल्या. माशी उंच झाली की गोळी खाली जाते, हे तो रंगरुटांना डोळे मिटून सांगत असे. घरच्या माशीला त्यानं ते लागू केलं नव्हतं.

"मामा, काही चुकलं का?" नेत्रावतीनं विचारलं.

"न्हाई. बरं केलीस," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

लिंगराजला त्यानं मोजक्या शब्दांत सांगितलं. लिंगराज हसला नाही, हे त्याच्या मानानं मोठंच होतं. त्याच्या मते उपाय सोपा होता. बिदरात कुंकू मिळतं, तेल मिळतं, रातभर वाळवायचं. बंडेप्पा म्हणाला, एका रात्रीत अकरा वर्षं वाळत नाहीत.

त्यानं खिशातला पेचकस काढला, पट्टीचा स्क्रू सैल केला आणि पट्टी खाली आणायला लागला. रेघ मागं पडत गेली, एक, दोन, तीन. सातव्या रेघेपाशी तो थांबला. त्या वर्षी गुरुबाईचा हात मोडला होता; तिनं डाव्या हातानं कुंकू लावलं होतं. लिंगराजनं मधेच विचारलं, की अडकली का पट्टी. बंडेप्पा म्हणाला, व्हय, अडकली. मग त्यानं ती तळाला, पहिल्या रेघेच्याही खाली नेली, रायफल नवी होती तेव्हा ती जिथं होती तिथं, आणि स्क्रू आवळला.

उरलेल्या पाच गोळ्या काळ्या गोलात बसल्या.

शुक्रवारी परीक्षेत पहिल्या चारही बसल्या. पाचवी गोलाच्या खाली मातीत गेली. ती उडवताना बंडेप्पाला माशीचं टोक लाल दिसलं होतं. जेवढं लाल दिसलं तेवढंच त्यानं मोजून टोक खाली धरलं होतं. परीक्षकानं पाचवीला काय झालं म्हणून विचारलं. डोळा चुकला, असं बंडेप्पानं सांगितलं. परीक्षकानं चार लिहिले, पात्र लिहिलं, आणि सोमवारपासून हजर व्हा म्हणाला.

बंडेप्पा जागचा हलला नाही.

"आणखी काय?"

"साहेब, शनिवारी-रविवारी कुणी सुट्टीवर असंल तर सांगा," तो म्हणाला. "कुठल्या पण गावची बँक चालंल. मी उभारतो."