ओळखीच्या पेशी

मशीन पुन्हा ओरडलं, तेव्हा ताईने मधल्या भावाचं कोपर दोन्ही हातांनी उशीवर दाबून धरलं.

“हात वाकवू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं?”

“नाक खाजतंय.”

“खाजू दे.”

“तुझं बरं आहे गं. तुझे हात मोकळे आहेत.”

मधल्याच्या दोन्ही हातांत सुया होत्या. एका हातातून रक्त मशीनमध्ये जायचं, पांढऱ्या पेशी तिथे वेगळ्या व्हायच्या आणि उरलेलं दुसऱ्या हातातून परत यायचं. वरच्या मजल्यावर धाकटा ऑक्सिजनवर होता. त्याला बोन मॅरो ताईनेच दिला होता. तो रुजलाही होता. पण लहानपणापासून अंगात निपचित पडून असलेला एक विषाणू जागा होऊन फुप्फुसांत शिरला आणि औषधांना दाद देईना. धाकट्याच्या अंगात आता लढायला ताईच्याच पेशी होत्या, आणि त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता. मधल्याच्या पेशी त्याला ओळखत होत्या. त्याच निवडून धाकट्याला द्यायच्या होत्या.

“हा थुंकीतून पसरतो,” डॉक्टर म्हणाल्या होत्या. “लहानपणी दोघं एकाच चमच्याने खात असतील.”

खातच होते. ताई ओरडायची, चमचे उकळायची, स्वतःचा पेला वेगळा ठेवायची. दोघं तिला ‘आरोग्य खातं’ म्हणायचे. बोन मॅरो दिल्यापासून तर तिने मधल्याला धाकट्याच्या दारातही उभं केलं नव्हतं.

“ताई, खरंच खाजतंय.”

तिने दात-ओठ खात त्याचं नाक खाजवलं.

“डावीकडे. अगं, माझ्या डावीकडे!”

“गप पड. उपकार करतोयस का माझ्यावर?”

“करतोयच की.”

मशीनला लटकलेली पिशवी सावकाश भरत होती.

“पुरतील ना गं त्याला?” मधल्याने विचारलं. आवाजात चेष्टा नव्हती.

“तू हलला नाहीस तर.”

मशीनवरच्या तंत्रज्ञ बाईंनी फळांच्या रसाचा ग्लास आणून दिला. ताईने स्ट्रॉ त्याच्या ओठांशी धरली. अर्धा ग्लास संपवून त्याने तोंड फिरवलं.

“आता तू घे. ओरडून ओरडून घसा बसलाय तुझा.”

“थांबा, दुसरा ग्लास आणते,” तंत्रज्ञ बाई म्हणाल्या.

“नको.”

स्ट्रॉचं टोक त्याने नेहमीसारखं चावून चपटं केलं होतं. ताईने पर्समधून रुमाल काढला, तसाच परत ठेवला आणि ती स्ट्रॉ तोंडात धरली.

मधला तिच्याकडे बघतच राहिला. मशीन ओरडलं.

“हात,” घोट गिळत ती म्हणाली, “सरळ!”