साखळीचा पेला

मी कुरुळीच्या नाक्यावरच्या पाणपोईतला पेला. बोलतो कमी, बघतो जास्त. आज बोलणार आहे. एका बाईवर चोरीचा आळ आला तेव्हा खरं काय ते मला माहीत होतं, आणि माझ्याच्यानं बोलवलं नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. नाव मात्र चाकणच्या बाजारात मिळालं. भांड्यांच्या दुकानदारानं टकटक वाजणारं मशीन माझ्या पोटावर चालवलं आणि अक्षरं कोरली. 'कै. कस्तुरा साहेबराव ओव्हाळ यांच्या स्मरणार्थ.' मशीन चालत असताना साहेबराव समोर उभा होता. त्यानं प्रत्येक अक्षरावरून बोट फिरवलं आणि मगच पैसे दिले. तेव्हाच मी ओळखलं, हा माणूस कुणावर विश्वास टाकणारा नाही. आपलं याच्याशी जमेल.

साहेबरावनं बत्तीस वर्षं कंपनीत वेल्डिंग केलं. शाळा चौथीपर्यंत. कस्तुरा त्याची बायको. ती लहान असताना गावच्या जत्रेत तिला पाणी वरून ओतत. ती खाली ओंजळ धरून पीत असे. पेला ओठाला लावायला मिळत नसे. ती गेल्यावर साहेबरावनं नाक्यावर चार पत्रे उभे केले, स्टीलचं पिंप ठेवलं, तोटी बसवली. त्यानं एकच नियम केला. जो येईल त्यानं त्याच पेल्यानं, ओठ लावून प्यायचं. पिऊन झालं की विसळायचं.

माझ्या आधी तिथं दोन पेले होते. पहिला आठ दिवसांत गेला, दुसरा बारा दिवसांत. म्हणून माझ्यासाठी त्यानं साखळी केली. एकेक कडी स्वतःच्या हातानं जोडली. एक टोक माझ्या कानाला, दुसरं पिंपाच्या बुडाला.

माझा स्वभाव संशयी आहे. जन्मभर साखळीला बांधलेला पेला दुसऱ्या कसल्या स्वभावाचा असणार? लोक पाणी पितात आणि साखळी हळूच ओढून बघतात. चांगले चांगले लोक ओढतात. पक्की आहे असं कळलं की हसतात आणि म्हणतात, "काय राव, पेल्याला कैद!" मी मनात म्हणतो, ओढून कशाला बघितलीस मग?

पाडव्यापासून मृगापर्यंत आमचा हंगाम. त्या दिवसांत आम्ही नाक्यावर कमी आणि टेम्पोत जास्त असतो. चैत्रातल्या जत्रांना साहेबराव पिंप घेऊन जातो. तिथं पैलवान येतात, एका दमात पाच पेले रिचवतात आणि मला लाल मातीनं माखून ठेवतात. भीमजयंतीला मिरवणुकीत नाचून आलेली पोरं रांग लावतात. त्या दिवशी साहेबराव पांढरा सदरा घालतो आणि रांग मोडणाऱ्याला जयंतीच्या दिवशीही सोडत नाही. पिंपळे सौदागरला आंबा महोत्सव भरतो. तिथल्या सोसायट्यांमधले लोक मला दोन बोटांनी उचलतात, आत वाकून बघतात आणि बाटली विकत घ्यायला जातात. जावोत. मीही त्यांच्याकडे तसंच बघतो.

यंदा मे महिन्यात मोशीला उद्योगवाल्यांचं तीन दिवसांचं संमेलन भरलं. सजावटीचं काम निरंजन नावाच्या तरुणाकडे होतं. तो नाक्यावर आला आणि पिंपाभोवती फिरून फोटो काढायला लागला. मला तेव्हाच वास आला.

"काका, दाराशी गावाकडचा देखावा करतोय. बैलगाडी आहे, तुळस आहे. तुमची पाणपोई पाहिजे. खरीखुरी."

"पानी खरं पाजायचं का नुसतं दाखवायचं?" साहेबरावनं विचारलं.

"पाजा की! फक्त ती साखळी काढू. परदेशी पाहुणे येणारेत. त्यांना काय वाटेल?"

"वाटू दे. साखळी ऱ्हाईल."

निरंजन हुशार. तो म्हणाला, "वर मोठी पाटी लावू. 'कस्तुरा पाणपोई'. रस्त्यावरून दिसेल एवढी."

 साहेबराव आत जाऊन करवत घेऊन आला. बायकोच्या नावासाठी त्यानं माझी साखळी कापली. मला ते मुळीच पटलं नव्हतं.

संमेलन म्हणजे भलं मोठं शेड, आत गारवा आणि बाहेर ऊन. प्रत्येक टेबलावर काहीतरी फुकट. पेन, टोप्या, किल्लीला लावायच्या कड्या, पिशव्या. माणसं मोठमोठ्या पगाराची, आणि चार पेनांसाठी चार वेळा रांगेत. दोन दिवसांत मी पाहिलं, टेबलावर ठेवलेली वस्तू विचारून उचलायची असते हेच त्यांच्या डोक्यातून गेलं होतं.

आमच्याकडे पाहुणे फोटो काढायला यायचे. पाणी प्यायला आले ते हमाल, वायरमन, झाडूवाल्या बायका. त्यातली एक शालनबाई. चिखलीला राहणारी, मूळची लातूरकडची. दुसऱ्या दिवशी ती तीनदा आली. प्रत्येक वेळी पाणी प्यायली, मला फिरवलं आणि माझ्या नावावरून अंगठा फिरवत उभी राहिली. तिसऱ्या वेळी जरा जास्तच वेळ.

मी मनाशी म्हटलं, ही नेणार.

दुपारी साहेबराव कॅन भरून आणायला मागं गेला. शालनबाई फडकं मारून निघून गेली. तेवढ्यात एक साहेब आले. गळ्यात ओळखपत्र, अंगाला अत्तर, नखं स्वच्छ. त्यांनी पाणी घेतलं, सावकाश प्यायले आणि मला विसळलंसुद्धा. मला बरं वाटलं. हात असावा तर असा. मग त्यांनी मला पुसलं, इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाले, "छान आहे. नाव घालून देतायत वाटतं." आणि मी पिशवीत गेलो. वर टोपी पडली, डायरी पडली.

हे समाधान साहेब. कुठल्याशा कंपनीत खरेदीखात्यात.

पिशवीत अंधार होता, पण ऐकू सगळं येत होतं. साहेबराव परत आला. पिंपाच्या झाकणाचा आवाज आला, टेबल सरकवल्याचा आला. मग त्याचा आवाज.

"पेला कुठंय?"

त्यानं टेबल पुन्हा सरकवलं.

"ती बाई कुठं गेली? झाडूवाली. तीनदा आली हुती. पेला फिरवून फिरवून बघत हुती."

मी पाहिलं होतं तेच त्यानंही पाहिलं होतं. आम्हा दोघांचा संशय एकाच ठिकाणी पोहोचला होता.

सुपरवायझर पिंटूनं शालनबाईला बोलावून आणलं. "मावशी, पिशवी दाखवा."

"कशापाई?"

"दाखवा म्हटलं की दाखवायची."

तिचा डबा उघडल्याचा आवाज आला. चमचा खाली पडला. आजूबाजूची माणसं गोळा झाली होती. समाधान साहेब शेजारच्या टेबलावरून निघाले होते ते तिथंच थांबले. 'पेला' हा शब्द त्यांच्या कानावर पडला आणि पिशवीच्या बंदावरची त्यांची मूठ आवळली. त्या घटकेला त्यांना सगळं कळलं. पिशवी एवढी जवळ होती की शालनबाईनं हात लांब केला असता तर मी तिला लागलो असतो.

"डब्यात भाकर हाय, दादा. मोजून घ्या," ती म्हणाली.

"मग कुठं लपवलास?" साहेबराव ओरडला. "माझ्या बायकोचं नाव हाय त्याच्यावर!"

"वाचलंय मी. म्हणून काय मी चोर झाले?"

पिंटू म्हणाला, "उद्यापासून येऊ नका."

बोला साहेब, आता बोला, असं मी आतून म्हणत होतो. साहेब बोलले. शेजारच्या माणसाला म्हणाले, "कुणावर भरवसा ठेवायचे दिवस राहिले नाहीत." आणि मला घेऊन गेले.

त्यांच्या घरी त्यांची बायको दिपाली हिनं पिशवी रिकामी केली. मी हातात येताच तिनं नाव मोठ्यानं वाचलं.

"अहो, हे कुणी दिलं?"

"दिलं... म्हणजे तिथं ठेवलं होतं."

"कै. लिहिलंय यावर. मेलेल्या बाईच्या नावाचा पेला कोण फुकट वाटेल? सगळ्या पेनांबरोबर तुम्ही हाही उचललात?"

समाधान साहेब खुर्चीत बसले आणि सगळं सांगितलं, पिशवी तपासली तेही. दिपालीनं मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं. त्यांच्या ताटासमोर.  ते जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते साहेबरावपुढे उभे राहिले आणि मला पुढं केलं. "माझ्याकडे गेला होता. चुकून."

साहेबरावनं मला हातात घेतलं, नावावरून बोट फिरवलं. "काल तुमी हितंच उभं हुता ना?"

"होतो."

"मग बोलला का न्हाई?"

 साहेबराव त्यांना शिव्या घालणार असं मला वाटलं.  पण तो इतकंच म्हणाला, "हा गडू घ्या, मी येईपत्तुर पानी वाटा. हालायचं न्हाई."

मला खिशात घालून तो चिखलीला गेला. पत्ता पिंटूनं दिला. पत्र्याच्या खोल्यांची चाळ होती. शालनबाई दारात धुणं पिळत होती. तिनं वर पाहिलं.

"आता काय तपासायचं राहिलं? पातेली आतमंदी हायत."

साहेबराव दारातच उभा. आयुष्यात कुणाची माफी न मागितलेला माणूस. शेवटी त्यानं मला खिशातून काढलं आणि पुढं केलं. "बाई, पानी द्या."

तिनं मला पाहिलं. घेतलं नाही. "माझ्या घरात पेले हायत," ती म्हणाली.

आत जाऊन तिनं स्वतःच्या पेल्यात पाणी आणलं. जुना, जाड, पोचा आलेला पेला. त्यावर नाव कोरलेलं. "माझ्या आईच्या नावाचा हाय. तुमचा बघितला तवा हिची आठवण आली. म्हणून वाचत हुते. हळू वाचता येतं मला."

साहेबराव पाणी प्यायला. पेला विसळून दिला. "चुकलं माझं."

"तितं धा जणांदेखत चोर म्हणलात. आन् चुकलं म्हणायला हितं दारात आलात व्हय?"

त्यानं मान हलवली. "चला."

दुपारी तो पाटीखाली उभा राहिला. पिंटू होता, निरंजन होता, कालचीच माणसं बरीचशी होती. समाधान साहेबांचा शर्ट घामानं आणि पाण्यानं भिजला होता, पण ते जागेवर होते. साहेबराव मोठ्यानं म्हणाला, "मी साहेबराव ओव्हाळ. ह्या शालनबाई. ह्यांनी पेला घेतला न्हाई. मी खोटा आळ घेतला." एवढंच. दुसरा शब्द नाही. मग समाधान साहेब म्हणाले, "मी नेला होता." आवाज बारीक होता, पण ऐकू गेला. पिंटूनं शालनबाईला झाडू परत दिला. तिनं घेतला नाही लगेच. आधी मला उचललं, तोटी सोडली, पाणी प्यायली, आणि मला खाली ठेवलं. जोरात. टण् आवाज झाला.

आता मी परत कुरुळीच्या नाक्यावर आहे. साखळी साहेबरावनं पुन्हा लावली नाही. त्याच साखळीनं पिंपाचं झाकण बांधलंय. मला विचाराल तर माझं मन अजून धजत नाही. रोज कितीतरी हात येतात आणि मी प्रत्येकाकडे संशयानंच बघतो. सवय जात नाही. पण हात बघून माणूस कळतो ही माझी घमेंड गेली. अंगठा फिरवणारीवर मी डोळा ठेवून होतो, आणि मला विसळून ठेवणारा मला घेऊन गेला.

तुम्ही या रस्त्यानं आलात तर थांबा. ओठ लावून प्या, विसळा. आणि मला ठेवताना जरा जोरात ठेवा.  कोण आलं, कोण गेलं हे साहेबराव आता बघत बसत नाही. त्या आवाजाकडे कान लावून बसतो. आवाज आला की तसाच मान खाली घालून बिडी पेटवतो.

आणि एखाद्या दिवशी आवाज नाही आला तर तो उठेल, टेबलाखाली बघेल, पिंपामागं बघेल. कुणाच्या पिशवीकडे मात्र बोट दाखवणार नाही. तसा शब्द दिलाय त्यानं शालनबाईला. म्हणून म्हणतो, त्याला शोधायला लावू नका.