पश्चिमेचा गोल

लुई कान या अमेरिकन वास्तुविशारदावर आर्किटेक्ट हिमानी देशपांडे कॉलेजात नऊ वर्षं शिकवत होती. उशिरा मिळालेली त्याची कीर्ती, अहमदाबादच्या विटांच्या इमारती, भिंतींत आरपार ठेवलेले प्रचंड गोल, सगळं तिला तोंडपाठ होतं. वैजापूरचा कांदा व्यापारी पुंजाराम याचं शहरातलं घर बांधताना तिनं पश्चिमेच्या भिंतीत तसाच सहा फुटी गोल ठेवला, काच लावून. घराला पुरस्कार मिळाला.

एप्रिलमध्ये ती विद्यार्थ्यांना घेऊन ते घर दाखवायला गेली. दुपारचे चार वाजले होते. गोलातून आलेल्या उन्हानं फरशीवर पाय ठरत नव्हता. पोरं फोटो काढत होती.

"आजी, ही खोली कुणाची?" सई नावाच्या विद्यार्थिनीनं पुंजारामच्या आईला, मनकर्णाबाईंना विचारलं.

"माझीच की."

"मग पलंग कुठंय?"

पुंजाराम मधेच बोलला, "आई जिन्याखाली झोपती. इथं भट्टी पेटल्यावाणी व्हतं. गोलाला गोणपाट लावतो आम्ही. मॅडम येणार म्हणून सकाळी काढलं."

"गप रं," मनकर्णाबाई दटावत म्हणाल्या. "बाईंनी लई जीव लावून बांधलंय. पोरांम्होरं कशाला?"

हिमानीला मान वर करवेना. बांधकाम चालू असताना याच बाईंनी विचारलं होतं, "ऊन नाय का येणार?" आणि ती हसून म्हणाली होती, "ऊन नाही आजी, प्रकाश!" मिस्त्रीही हसला होता.

ती विद्यार्थ्यांकडे वळली. "लुई कान गोलाच्या मागं सावलीची मोकळी जागा ठेवायचा. ऊन तिथंच अडायचं. खोली त्याच्याही आत. मी नुसता गोल उचलला."

कुणीच काही लिहून घेतलं नाही.

"आजी, तुम्ही विचारलं होतं. मी ऐकलं नाही. चुकलं माझं."

"असू द्या हो," मनकर्णाबाईच ओशाळल्या. "चहा ठेवते."

हिमानीनं गोणपाट मागून घेतलं. खुर्चीवर चढून सगळ्यांसमोर ते स्वतः बांधलं. गाठ दोनदा सुटली.

मे महिन्यात तिनं स्वखर्चानं गोलाबाहेर खोल पडवी काढून दिली. गवंड्यांवर देखरेख करायला मात्र सहकाऱ्याला पाठवलं. पलंग खोलीत परत आला.

तेव्हापासून मनकर्णाबाईंचे तीन फोन आले, "बाई, एकदा येऊन बघा तरी, लई गार वाटतंय."

"येते," हिमानी दर वेळी म्हणते. अजून गेलेली नाही.