कृपया फोन करू नये

मार्केत्ताला फोनचा भारी तिटकारा. नगरपालिकेच्या बांधकाम विभागात तिची उभी हयात गेली, आणि त्यातली निम्मी लोकांच्या फोनला उत्तरं देण्यात. नकाशा मिळाला का? मिळाला तर पाहिला का? पाहिला तर सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, बांधायला घेऊ का? मग ऑनलाइन फॉर्म आले आणि तिने सुटकेचा निःश्वास टाकला. लिंक पाठवायची, लोकांनी घरबसल्या आपापल्या फाइली चढवायच्या, शुक्रवारी चारच्या ठोक्याला फॉर्म आपोआप बंद. त्यानंतर कोणी उघडला तर एवढंच दिसे: 'काम पूर्ण झालं आहे. आभार. कृपया फोन करू नये.' हे तिने स्वतः लिहिलं होतं आणि त्याचा तिला अभिमानही होता. लोकांनीही ते मुकाट्याने पाळलं. फिनलंडच्या त्या भागात लिहिलेलं माणसं पाळतातच. दुसऱ्याला उगाच त्रास देण्यापेक्षा ती स्वतः अडचण सोसतील.

ऑक्टोबरात एका गुरुवारी तिचे वडील हरवले.

औवो ऐंशी ओलांडलेले. दोन वर्षांपासून विसरायला लागले होते. मार्केत्ता कामावरून आली तेव्हा दार सताड उघडं, टेबलावर कॉफी गार झालेली, कानातलं यंत्र बशीत, आणि निळी लोकरी टोपी खुंटीवर नव्हती. त्यांची होडी सुटून घराजवळच्या तळ्यात तरंगत होती, म्हणून पोलीस आणि स्वयंसेवक तळ्याच्याच मागे लागले. रान तसंच राहिलं.

"रानात शिकाऱ्यांचे कॅमेरे असतात ना, झाडांना बांधलेले?" शोधपथकाची प्रमुख म्हणाली. "जनावर समोरून गेलं की फोटो काढतात ते. ते फोटो मागवता येतील का?"

"फॉर्म करते. माझं रोजचंच काम आहे," मार्केत्ता म्हणाली.

स्वयंपाकघरात, पायातले बूटही न काढता तिने तो केला. घाई होती, म्हणून कचेरीतलाच जुना फॉर्म उचलला, वरचं नाव बदललं, मजकूर बदलला, लिंक गावभर पाठवली आणि धावत तळ्यावर गेली.

फोटो आले. कोल्हे, ससे, एक भलंमोठं मूस हरीण, कुणाच्या तरी अंगणातला पोस्टमन. शुक्रवारी दिवसभर येत राहिले. शनिवारी सकाळी तिने पाहिलं तर आदल्या दुपारनंतर एकही फाइल नव्हती.

"बघा, एक दिवस कळवळा आला," ती प्रमुखबाईंना म्हणाली. "आता शनिवार. सौना तापल्या असतील. कुणाला काय पडलंय माझ्या बापाचं?"

फॉर्म बाहेरून कसा दिसतो, ते तिने उघडून पाहिलं नाही. स्वतःचा फॉर्म बाहेरून कोण बघतं?

रविवारी पथकाच्या कुत्र्याला औवो सापडले. तळ्यापाशी नव्हे, पार उलट्या बाजूला, एका मोठ्या स्प्रूसच्या झाडाखाली. शनिवारी रात्री गोठून गेले, डॉक्टर म्हणाले. शुक्रवारची रात्र त्यांनी काढली होती.

दफन झालं. मग एका दुपारी इल्मो आला. रानापलीकडे राहणारा शिकारी, औवोंबरोबर शाळेत गेलेला. दारातच बूट काढून, मोज्यांवर आत येऊन तो टेबलाशी बसला. मार्केत्ताने कॉफी ओतली, वेलदोड्याचा पाव कापला. त्याने पावाला हात लावला नाही.

"मी बायकोला घेऊन उत्तरेला होतो, शिकारीच्या झोपडीवर," तो म्हणाला. "तिथे फोन लागत नाही. काल आलो आणि कळलं. मला तर वाटलं होतं, औवो सापडला." त्याने खिशातून कॅमेऱ्याचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "हे तुझं."

तिने लॅपटॉप आणला. शुक्रवार सकाळ. पहिल्या फोटोत औवो झाडांमधून येताना. दुसऱ्यात कॅमेऱ्याच्या अगदी समोर, टोपी काढून हातात घेतलेली, तोंड उघडं. बोलत होते. खोडावरची ती पेटी, तिचा बारीकसा दिवा: त्यांना ते कुणाचं तरी दार वाटलं होतं. नंतरच्या सगळ्या फोटोंत ते समोरच्या शेवाळावर पाठ ताठ करून बसलेले, टोपी मांडीवर. औवो कुणाच्याही दाराची घंटा एकदाच वाजवायचे. दुसऱ्यांदा वाजवू नये, माणसं येतात, हे त्यांनीच तिला लहानपणी शिकवलं होतं.

"दुपारी कार्ड काढायला गेलो तेव्हा तिथे नव्हता गं," इल्मो म्हणाला. "हाका मारल्या. पण त्याला ऐकू कुठे येतं. घरी आलो, गाडीत सामान भरलं, मग पाच वाजता फोटो बघितले. लगेच तुझी ती लिंक उघडली, तर तिथे लिहिलेलं, काम पूर्ण झालं, आभार. मी बायकोला म्हटलं, सापडला औवो! आम्ही दोघं रडलोसुद्धा."

मार्केत्ताला शुक्रवारचा चारचा ठोका आठवला. तिला सगळं कळून चुकलं होतं.

"बायको म्हणत होती, तरी एक फोन कर. मी म्हटलं, अगं, फोन करू नका म्हणून स्पष्ट लिहिलंय. बाप सापडलाय तिचा, आता कशाला मध्ये कडमडायचं?" त्याने डोळे पुसले. "करायला हवा होता का गं मी?"

"नाही," ती म्हणाली. "लिहिलं होतं ना."

"तेच तर. पण असं कसं लिहितात? कुणी लिहिलं ते, पोलिसांनी?"

"मी."

इल्मोने कप खाली ठेवला. मग दारात जाऊन तो बूट घालू लागला, आणि त्याला फार वेळ लागला.

मार्केत्ता उठली नाही. पडद्यावर औवो टोपी मांडीवर घेऊन थेट तिच्याकडे बघत बसले होते, आता कुणीतरी दार उघडेल म्हणून.